पानाची पारख

बारामतीच्या भुसार बाजारात बेचाळीस वर्षे अडत चालविलेल्या अप्पांची पारख पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. पोत्यात सळई खुपसून काढलेले मूठभर दाणे तळहातावर पसरावेत, त्यातील एक दाताखाली धरावा आणि ओल किती, खडा-माती किती, माल जिरायती की बागायती, हे तेथल्या तेथे सांगून मोकळे व्हावे, अशी त्यांची रीत. दुकानाचा कारभार पुतण्याच्या हाती सोपवून वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते आणि माई इंग्लंडमधील लेस्टर येथे मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेले, तेव्हा आता आपल्याकडे पारखण्यासारखे काही उरलेले नाही, असे त्यांनी मनाशी धरले होते. घराच्या मागील अंगणात एक कासव त्यांची वाट पाहत होते, याची त्यांना कल्पना नव्हती.

ते कासव विकत घेतलेले नव्हते. शेजारच्या घरात राहणाऱ्या एक वृद्ध, निवृत्त इंग्रज शिक्षिका शहाऐंशीव्या वर्षी वृद्धाश्रमात गेल्या. जाताना त्यांनी हे कासव अप्पांच्या सूनबाईंच्या स्वाधीन केले. त्यांनी ते १९७१ साली बाजारातून आणले होते. त्या काळी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील देशांतून अशी कासवे पेट्या भरभरून ब्रिटनमध्ये येत आणि अगदी स्वस्तात विकली जात. वाटेतील हाल, थंड हवा आणि अयोग्य आहार यांमुळे त्यांतील असंख्य कासवे वर्षभरही जगत नसत. अखेर १९८४ साली भूमध्य प्रदेशातील या जातींच्या व्यापारी आयातीवर युरोपीय समुदायात बंदी आली. आता तेथे ‘हर्मनचे कासव’ या जातीची विक्री करावयाची तर शासकीय दाखला लागतो. येथे मात्र विक्रीचा प्रश्नच नव्हता. हे कासव पन्नास वर्षांहून अधिक काळ जगू शकते, पुष्कळदा मालकाच्या मागेही उरते. म्हणून ते एका घराने दुसऱ्या घरी ठेव म्हणून द्यावे लागते.

ठेवीसोबत एक वहीही आली होती. जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली. तीत दर महिन्याचे वजन, कासव वसंतात जागे झाल्याची तारीख, हिवाळ्यात झोपी गेल्याची तारीख आणि रोज काय खाल्ले याची नोंद होती. काही पानांवर झाडांची पाने वाळवून चिकटविलेली होती. काहींशेजारी हिरव्या शाईची बरोबरची खूण, काहींशेजारी लाल फुली. बारा वर्षांची नात ही वही मोठ्या जबाबदारीने सांभाळीत असे. अप्पांनी ती हाती घेऊन उलटसुलट पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. इंग्रजी अक्षर त्यांना भरभर वाचता येत नसले, तरी चोख ठेवलेली वही ओळखायला अक्षर वाचावे लागत नाही.

तिसऱ्याच दिवशी पहिला प्रसंग घडला. सूनबाई एका रुग्णालयात औषधनिर्मात्या आहेत. त्या कामावर निघण्याच्या घाईत असताना अप्पांनी कोवळ्या पालकाची जुडी तीन पाण्यांनी धुतली, देठ खुडले आणि पाने ताटलीत मांडून अंगणात नेली. कासव मान उंचावून पुढे सरसावले. तेवढ्यात सूनबाईंनी खिडकीतून पाहिले.

“अप्पा, पालक नका हो देऊ त्याला.”

“का बरे? पालकात कॅल्शियम भरपूर असते. कवचाला कॅल्शियमच लागते ना?”

“असते, पण त्याच्या हाती लागत नाही.”

सूनबाईंनी संध्याकाळी बसून त्याचा हिशेब समजावून सांगितला. पालकात कॅल्शियम असते, तसेच ऑक्झॅलिक आम्लही मोठ्या प्रमाणात असते. हे आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते आणि त्याचे न विरघळणारे क्षार बनतात. त्यामुळे पोटात गेलेले कॅल्शियम रक्तात न जाता बाहेर टाकले जाते. नित्य असाच आहार राहिला तर हाडे आणि कवच मऊ पडू लागतात. बीटची पाने, चार्ड, आपल्याकडील घोळ यांचीही तीच गत. अप्पांना व्यापारी भाषेत ते चटकन उमगले. वहीत जमा दिसते, पण वसूल होत नाही. अशी उधारी त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती.

दुसरा धडा कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या प्रमाणाचा होता. कासवाच्या आहारात फॉस्फरसच्या किमान दुप्पट कॅल्शियम असावे, असे जाणकार सांगतात. धान्य, कडधान्य, पाव यांत हे प्रमाण नेमके उलटे असते. शिवाय त्यांतील प्रथिने भूमध्य प्रदेशातील या तृणभक्षी जीवाच्या मूत्रपिंडावर भार टाकतात. वहीच्या पहिल्या दहा वर्षांत ‘पाव आणि दूध’ अशी नोंद वारंवार आढळत होती. त्या काळी इंग्लंडमधील घरोघरी कासवाला हेच देत. पुढे त्या नोंदींवर बाईंनी स्वतःच एक आडवी रेघ मारलेली होती. फळांचेही तसेच. त्या कोरड्या, खडकाळ मुलखात कासवाला वर्षातील बहुतेक काळ चरबरीत पालाच मिळतो. त्याच्या आतड्यातील जिवाणूंना तंतू पचविण्याची सवय असते. सफरचंद, केळे, कलिंगड यांतील साखरेने ती घडी विस्कटते, जुलाब होतात, आतड्यातील परजीवी बळावतात. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातील लाल पायांचे कासव फळे खाते, हे खरे. परंतु एका जातीचा नियम दुसरीला लावता येत नाही. म्हणून कासव कोणत्या मुलखातले, हा पहिला प्रश्न, आणि पान कोणते, हा दुसरा.

बाजारातून पाने आणावयाची झाल्यास त्यांतही निवड करावी लागते. ‘आइसबर्ग’ नावाचा गोल, फिकट लेट्यूस दिसायला ताजा आणि खायला कुरकुरीत. पण त्यात बहुतांशी पाणीच. पोट भरते, पोषण होत नाही. काकडी आणि टोमॅटोचेही तसेच. त्यापेक्षा गडद पानांचा रोमेन, एंडाइव्ह, लालसर रॅडिचिओ, लॅम्ब्ज लेट्यूस आणि चिकोरीची पाने चांगली. ही चिकोरी म्हणजे जिचे मूळ भाजून कॉफीत मिसळतात तीच. रॉकेट, वॉटरक्रेस, कोथिंबीर अधूनमधून थोडी चालते. कोबी, फ्लॉवरची पाने, केल ही एकाच कुळातील. ती नित्य आणि भरपूर दिल्यास गलग्रंथीच्या कार्यात अडथळा येण्याचा धोका असतो, म्हणून क्वचितच. तयार कोशिंबिरीच्या पिशव्या घेताना मागील बाजूचा मजकूर वाचणे अगत्याचे, कारण ‘कोवळी मिश्र पाने’ या नावाखाली पुष्कळदा पालक आणि चार्डच भरलेले असते. जिलेटिन आणि अंडे शोधण्यासाठी प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचणाऱ्या माईंना या कामी वेगळे शिक्षण द्यावे लागले नाही. दुकानात चष्मा लावून त्या पिशवी उलटी करीत, आणि नात त्यांना शब्द वाचून दाखवी.

तथापि वहीतील हिरव्या खुणा बहुतेक करून बाजारातील पानांपुढे नव्हत्याच. त्या होत्या अंगणातील तणापुढे. लोक जे उपटून फेकतात, त्याच्यापुढे. डँडेलियन, सो थिसल, रुंद आणि अरुंद पानांचे प्लँटेन, मॅलो, चिकवीड, क्लोव्हर. ही नावे अप्पांना परकी होती. पाने मात्र तितकीशी परकी निघाली नाहीत. डँडेलियनचे जमिनीलगत पसरलेले, कातरलेल्या कडांचे पान त्यांनी बोटांत धरले आणि ते उद्गारले, “अहो, ही तर आपल्या पाथरीची बहीण!” ते चुकले नव्हते. ज्वारीच्या शेतात उगवणारी पाथरी आणि डँडेलियन एकाच कुळातील, आणि दोन्हींच्या देठातून पांढरा चीक येतो. प्लँटेन हे आपल्या इसबगोलाचे सख्खे भावंड. क्लोव्हर मेथीच्या गोतातले, तसेच तीन दलांचे. त्यात प्रथिने जास्त, म्हणून ते थोडेच द्यावयाचे. मॅलो आपल्या जास्वंदीच्या कुळातले, आणि जास्वंदीची पाने-फुलेही कासवाला मानवतात.

या तणांत तंतू भरपूर, कॅल्शियम चांगले, पाणी बेताचे. त्यांची पाने चरबरीत असल्यामुळे ती ओरबाडून खाताना कासवाची चोच आपोआप झिजते. मऊ अन्नावर वाढलेल्या कासवाची चोच वाढत जाऊन पुढे वाकडी होते आणि ती वैद्याकडून घासून घ्यावी लागते. रोज चार-सहा प्रकारची पाने मिळून साधारण त्याच्या कवचाच्या आकाराचा ढीग पुरे होतो. एकच एक पान, ते कितीही चांगले असले तरी, रोज देऊ नये. असा माल अप्पांनी जन्मात पाहिला नव्हता. बाजारभाव शून्य, आवक रोजची आणि प्रत उत्तम.

मे महिन्यापासून पाने आणण्याचे काम अप्पांकडे आले. सकाळी ते टोपली घेऊन निघत. रस्त्याच्या कडेची पाने घ्यावयाची नाहीत, कारण त्यांवर वाहनांचा धूर बसतो आणि कुत्री तेथेच फिरतात. शेजाऱ्याच्या हिरवळीवरील घ्यावयाची नाहीत, कारण तणनाशक कधी मारले हे ठाऊक नसते. गोगलगायी मारण्याच्या निळ्या गोळ्या पसरलेल्या वाफ्याजवळ जावयाचे नाही. त्यांतील मेटाल्डिहाइड या विषाच्या उघड्यावरील वापरावर ब्रिटनमध्ये २०२२ च्या मार्चअखेरीपासून बंदी आली, तरी जुन्या कोठीत काय पडून आहे हे कोण सांगणार? आपल्याच अंगणाच्या कोपऱ्यात पाच-सहा हात जागा न फवारता, न कापता राखली की चिंता मिटते. अप्पा पान खुडण्यापूर्वी ते उलटून पाहत, त्यावरील किडा-मुंगी हलक्या हाताने दुसऱ्या पानावर सोडीत, आणि लागेल तेवढेच खुडीत. झाड मुळासकट कधी उपटीत नसत. पान खुडणे हीसुद्धा हिंसाच, ती टळत नसेल तर यत्नाचाराने कमी करावी, असे ते नातीला सांगत.

कासवाची दिनचर्याही त्यांच्या मनास येईल अशी होती. सकाळी ते आधी उन्हात येऊन बसे. अंग तापल्याशिवाय त्याची भूक जागी होत नाही आणि खाल्लेले पचतही नाही. मग खाई, आणि सूर्य कलला की आपल्या खोपटात शिरे. अंधार पडल्यावर पान तोंडाजवळ नेले तरी ढुंकूनही पाहत नसे. “आजोबा, हे तर तुमच्यापेक्षाही पक्के आहे,” असे नात म्हणाली, तेव्हा माई कितीतरी वेळ हसत होत्या.

एके संध्याकाळी नातीने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकातून एक जुनी हकीकत सांगितली. इंग्लंडच्या दक्षिणेकडील सेलबॉर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक धर्मोपदेशक राहत. त्यांचे सृष्टिनिरीक्षणाचे पुस्तक १७८९ चे. त्यांच्या मावशी-आत्याच्या वयाच्या एका नातलग बाईंकडे टिमोथी नावाचे कासव होते. त्या बाई १७८० साली वारल्यावर व्हाइट यांनी ते जमिनीतून, झोपेतूनच उकरून काढले आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवरील आपल्या बागेत आणले. तेथे ते त्यांच्या मृत्यूनंतरही काही काळ जगले. सारे आयुष्य पुरुषाच्या नावाने वावरलेले ते कासव मादी होते, हे पुढे उघडकीस आले. त्याचे कवच आजही लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. या टिमोथीला चीक असलेली पाने सर्वांत प्रिय असल्याची नोंद व्हाइट यांनी केली होती. लेट्यूस, डँडेलियन, सो थिसल.

अप्पांनी हे नेमके लक्षात ठेवले. चीक! पारखण्याची सोपी खूण सापडली होती. त्यात तथ्यही होते. सो थिसलसारखेच दिसणारे ग्राउंडसेल नावाचे एक तण तेथे उगवते. ते यकृताला घातक. पण त्याचा देठ मोडला तर चीक येत नाही, सो थिसलचा येतो. अप्पा देठ मोडीत, पांढरा थेंब दिसला की पान टोपलीत टाकीत, आणि त्यांचा वेग वाढला. जून महिना असाच सुरळीत गेला.

जुलैत चातुर्मास लागला. अप्पा-माईंनी नेहमीप्रमाणे पालेभाज्या सोडल्या, पण कासवाची टोपली चालूच होती. त्या पंधरवड्यातील एका सकाळी कुंड्यांच्या फटीत उगवलेली पोपटी, कोवळी, नाजूक रोपे त्यांना दिसली. त्यांनी एक देठ मोडला. भरघोस चीक आला. त्यांनी शेंडे खुडून ताटलीत घातले. कासवाने दोन-तीन घास घेतले असतील, तोच नात शाळेची पिशवी पाठीला लावून अंगणात आली आणि जागीच थांबली.

“आजोबा, ते कुठले पान आहे?”

“चीक आहे बघ त्याला. चांगले आहे.”

ती धावत जाऊन वही घेऊन आली. वहीच्या मध्यावर तेच रोप वाळवून चिकटविलेले होते आणि त्याशेजारी लाल फुली, दोनदा गिरवलेली. ते पेटी स्पर्ज होते. त्याचा चीक दाहक असतो. तोंडाला, डोळ्याला, आतड्याला तो पोळतो. हे रोप आपल्या बांधावरील शेराच्याच वंशातले. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे अप्पांना आठव्या वर्षापासून ठाऊक होते. ते ज्ञान त्यांच्याजवळच होते, आणि नेमके त्या सकाळी ते त्यांच्या कामी आले नाही.

ताटली तत्काळ उचलली गेली. सूनबाईंनी रुग्णालयातून दूरध्वनीवरूनच पशुवैद्य गाठला. त्याने सांगितले ते असे. कासवाचे तोंड आणि डोळे साध्या पाण्याने हलकेच धुवावेत, कोमट पाण्याच्या उथळ तसराळ्यात त्याला बसवावे, उरलेले रोप पिशवीत जपून ठेवावे म्हणजे प्रसंगी ते दाखविता येईल, आणि तोंडाला फेस, सूज किंवा डोळे मिटून राहणे असे काही दिसले तर लगेच घेऊन यावे. मनाने कोणतेही औषध पाजू नये. अप्पांनी सारे निमूटपणे केले. त्या दिवशी त्यांनी उपवास धरला. कोणी आग्रह केला नाही.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कासव खोपटातून बाहेर आले नाही. मुलगा म्हणाला, “अप्पा, पन्नास वर्षांचे आहे ते. एवढ्याने काही होत नाही.” अप्पा म्हणाले, “पन्नास वर्षे दुसऱ्याने सांभाळले. माझ्याकडे तीन महिने नाही झाले.” वृद्धाश्रमातील त्या बाईंना दर रविवारी नात दूरध्वनी करीत असे, आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी कासवाविषयीच असे. येत्या रविवारी त्यांना काय सांगायचे, हा विचार घरातील प्रत्येकाच्या मनात होता, आणि कोणीच तो बोलून दाखविला नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. साडेनवाच्या सुमारास खोपटाच्या दाराशी एक सुरकुतलेली मान दिसली. कासव बाहेर आले, पाऊण तास उन्हात बसले, आणि मग सावकाश चालत जाऊन त्याने डँडेलियनचे एक पिवळे फूल तोडून खाल्ले. अप्पा पायरीवरून उठले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी नातीला वही आणावयास सांगितले, आणि त्या इंग्रजी वहीत प्रथमच मराठीत नोंद झाली. तारीख, चुकून दिलेल्या पानाचे नाव, किती घास, कोणाच्या हातून. शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले. रविवारी दूरध्वनीवर नातीने बाईंना घडले ते सर्व सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग बाई म्हणाल्या, “ती फुली दोनदा का गिरवलेली आहे, असे वाटले तुम्हांला? १९७८ साली मीही तेच केले होते.”

त्यानंतर अप्पांनी नियम बांधून घेतला. एका खुणेवर पान घ्यावयाचे नाही. पानाचा आकार, देठ आणि फूल, या तिन्हींची साक्ष जुळली तरच घ्यावयाचे. डँडेलियनचा फुलाचा दांडा पोकळ, त्यावर एकही पान नाही आणि शेंड्याला एकच फूल. सो थिसलचे पान देठाला कानासारखे बिलगलेले, कडा काटेरी, चीक पांढरा. स्पर्जचे पान गुळगुळीत कडेचे, फूल हिरवट आणि पाकळ्यांवाचून. साक्षी जुळल्या नाहीत तर ते पान टाकून द्यावे. एक पान कमी खाल्ल्याने कासवाचे काही बिघडत नाही. आणि संपूर्ण वर्ज्य असलेल्यांची यादी नातीने मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावली: फॉक्सग्लोव्ह, ज्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. रॅगवर्ट, बटरकप, डॅफोडिल, लिली ऑफ द व्हॅली, ऱ्होडोडेंड्रॉन, यू, आयव्ही. कण्हेर. रुबार्बची पाने, टोमॅटो-बटाट्याची पाने, अव्होकॅडो. फॉक्सग्लोव्हची पहिल्या वर्षीची पाने फुलावाचून असतात आणि ती निरुपद्रवी पानांसारखी दिसतात, म्हणून फुलाची साक्ष मिळेपर्यंत थांबावेच लागते.

कॅल्शियमचा एक प्रश्न उरला होता. वहीत पूर्वापार ‘कटल बोन’ ठेवल्याची नोंद होती. हे म्हणजे आपल्याकडे आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांत मिळणारा समुद्रफेन, माकूळ नावाच्या समुद्री जीवाच्या शरीरातील अस्थी. घरात तो आणण्यास माईंचे मन घेईना. सूनबाईंनी त्याऐवजी चुनखडीपासून केलेले शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचे चूर्ण आणले. ओल्या पानांवर ते चिमूटभर भुरभुरले की काम होते. पण ते शरीरात मुरण्यास ड जीवनसत्त्व लागते, आणि ते कासवाच्या त्वचेत सूर्याच्या अतिनील किरणांनीच तयार होते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही, कारण काच ते किरण अडविते. पावसाळी दिवसांत विशिष्ट दिवा लावावा लागतो. पान कितीही चांगले असले तरी ऊन नसेल तर त्याचा गुण लागत नाही.

ऑक्टोबर उजाडला. दिवस लहान होऊ लागले, आणि वहीप्रमाणे कासवाचे अन्न थांबविण्याची वेळ आली. हिवाळ्यात पाच अंश तापमानाच्या आसपास ते कित्येक आठवडे निजते. त्या थंडीत पचन थांबते, आणि पोटात अन्न राहिले तर ते आतच कुजते. म्हणून निजण्यापूर्वी तीन-चार आठवडे केवळ पाणी आणि रोज कोमट पाण्यात बैठक. आजारी किंवा वजन घटलेल्या कासवाला मात्र निजवीत नाहीत. म्हणून आधी वैद्याकडून तपासणी आणि काट्यावर वजन. अप्पांनी स्वतः काटा धरला. १,४२० ग्रॅम. एप्रिलपेक्षा नव्वद ग्रॅम अधिक. त्यांनी आकडा दोनदा वाचून घेतला.

परतीच्या आठवड्यात ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिरात दर्शनाला गेले होते. पूर्वी चर्च असलेल्या त्या वास्तूत १९८८ साली प्रतिष्ठा झाली आणि तेथे सर्व पंथांचे लोक एका छपराखाली येतात. तेथून बाहेर पडतानाच बारामतीहून एका आप्ताचा दूरध्वनी आला. अप्पांच्या कासवाची कीर्ती तेथवर पोहोचली होती. आप्ताने दुकानाच्या गादीशेजारी भरभराटीसाठी एक चांदणीकासव आणून ठेवले होते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले. ते आठ दिवस खात नव्हते. “कोणते पान घालू, तेवढे सांगा.”

सहा महिने पानांचाच अभ्यास केलेल्या अप्पांनी एकाही पानाचे नाव सांगितले नाही. ते म्हणाले, “ते तुझे नाही. पान विचारू नकोस. आजच वनविभागाच्या कार्यालयात जा आणि त्यांच्या स्वाधीन कर.” आपल्या देशातील चांदणीकासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. ते बाळगणे हा किमान तीन वर्षांच्या कारावासाचा गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक निर्बंध आहेत. दुकानात ठेवलेल्या अशा प्रत्येक कासवामागे पोत्यात, पेटीत दाटीने भरून नेलेली आणि वाटेतच मेलेली कितीतरी असतात. १९८४ पूर्वी इंग्लंडमध्ये जे घडत होते, तेच हे. आप्ताने विचारले, “पण अप्पा, कासव शुभ नाही का? मुनिसुव्रतनाथांचे लांछन आहे ते.”

“म्हणूनच सांगतो,” अप्पा म्हणाले. “पैठणला जाऊन भगवंतांच्या पायाशी कासव पाहतोस ना? तेथे ते कोणी कोंडलेले नाही.”

चार दिवसांनी आप्ताचा पुन्हा दूरध्वनी आला. त्याने कासव पोहोचते केले होते.

निघण्याच्या सकाळी अप्पांनी वही नातीच्या हाती परत दिली. पुढे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बारामतीला, दुकानाच्या ओट्यावर बसले असताना त्यांच्या भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र आले. वहीचे नवे पान होते. कासव जागे झाले, वजन १,३५० ग्रॅम, तोंड-डोळे स्वच्छ. त्याखाली नातीच्या वळणदार मराठी अक्षरांत लिहिले होते: पहिला घास, पाथरीच्या बहिणीचा. तिन्ही साक्षी पाहिल्या.